बाबांचं गोड पत्र

माझा भाऊ मुकाश आघाडीवर निघाला तेव्हा बाकीचे बाप आपापल्या मुलांच्या गळ्यात पडून रडत होते. बाबांनी त्याच्या पट्ट्याचं बक्कल नीट केलं आणि सांगितलं, "जर्मनांना माझ्याकडून निरोप दे. म्हणावं, आमच्याकडे याच्याहून बरे आहेत, ते मागून येतील." लोक हसले, मुकाशही हसला आणि ट्रक निघून गेला. ट्रक वळणाआड गेल्यावर बाबा घोड्याचा लगाम शोधत राहिले. लगाम त्यांच्या हातातच होता.

आमच्याकडे मुलाचं तोंडावर कौतुक करत नाहीत, दृष्ट लागते. बहुतेक बाप कौतुक गिळतात आणि गप्प बसतात. बाबा कौतुक गिळून वर दोन टोमणे मारायचे, म्हणजे दृष्टीला आत शिरायला फटही राहू नये. नारिन नदीच्या वरच्या अंगाला आमच्या सामूहिक शेताचे घोडे आहेत, ते राखण्यात त्यांचा जन्म गेला. घोड्यांशी ते अदबीनं बोलत. सगळी अदब तिथेच खर्च होत असावी.

त्यांना लिहिता येत नव्हतं. मी इथल्या शाळेत शिकवते. माझं लग्न झालं नाही, आणि त्याचं कारण बाबांच्या मते माझी पुस्तकं: "एवढं वाचलेल्या बाईशी भांडणार कोण?" त्यामुळे मुकाशची पत्रं वाचायची मी आणि बाबांची लिहायचीही मीच.

"लिही," ते म्हणायचे. "तुझं पत्र पोचलं. पहिलं अख्खं पान सगळ्या गावाला सलाम सांगण्यात घालवलंस. दुसऱ्या पानावर कळवलंस की हवा थंड आहे. एवढं सांगायला सरकारनं तुला इतक्या लांब पाठवलं का? थंडी आमच्याकडेही आहे."

"बाबा, पत्रं वाटेत उघडून वाचतात. लढाईचं काही लिहिता येत नाही त्याला."

"मग वाचणाऱ्यालाही सलाम लिही. बिचारा परक्या बापांची बोलणी खातोय."

मी तोही लिहिला. मुकाशचं उत्तर त्याच चालीवर यायचं, फक्त मुलानं राहायला हवं तेवढं एक पायरी खाली राहून. तिकोनी घडी घातलेले ते कागद बाबा टोपीच्या अस्तरात ठेवत, आणि कुणी विचारलं तर म्हणत, टोपी सैल झालीय.

बाबा गेले मार्च महिन्यात. घोड्या व्यायचे दिवस होते, बर्फाचं वादळ आलं आणि तीन घोड्या हरवल्या. बाबा दोन शोधून घेऊन आले, तिसरी आपली आपण परतली. "तीच शहाणी," ते म्हणाले आणि अंथरुणावर पडले. छातीत कफ भरला होता. पाचव्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"मुकाशला कळवू नका. तेवढ्याच निमित्तानं रजा मागेल." दम लागला म्हणून थांबले. मग म्हणाले, "परत आला की सांगा. आधी जेवू घाला, मग सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध गरम करत असताना त्यांचा श्वास थांबला. दूध उतू गेलं. त्यावर ते काय म्हणाले असते, ते मला ऐकू आलं.

दफन झाल्यावर गावचे तीन दाढीवाले आमच्या घरी बसले. हे तिघं मिळून आमच्या गावचं मंत्रिमंडळ. खरे मंत्री लांब आहेत आणि कामात आहेत. त्यातले ओमुरझाक आबा सर्वांत मोठे. त्यांचं प्रत्येक गोष्टीवर मत असतं, नसलं तर ते बसल्या बसल्या तयार करतात. बैसाल आबांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांचं सगळ्यांशी पटतं. शातमान आबा फारसं बोलत नाहीत. त्यांची दोन मुलं होती आणि दोघांच्याही मृत्यूचे कागद गेल्या वर्षी आले.

"परमुलखातल्या माणसाला मरणाची बातमी पत्रानं द्यायची नसते," ओमुरझाक आबा म्हणाले. "चार वडीलधारी माणसं भोवती बसवून, आडून आडून, हळूहळू सांगायची. तुझ्या बापाची, कालमुर्झाचीही तीच इच्छा होती."

"कागदानं कळवायचं काम सरकार करतंच आहे," शातमान आबा म्हणाले. "आपण कशाला करायचं?"

तेवढ्यावर ठरलं. मीही मान डोलावली.

म्हणून मी बाबा होऊन पत्रं लिहू लागले. त्यांच्या नावानं दोन पत्रं पाठवली. लिहायला सोपी गेली, याचीच मला लाज वाटली. एका पत्रात मी लिहिलं की करड्या घोडीला शिंगरू झालंय, ते दिवसभर उभ्या उभ्या झोपतं, म्हणून त्याला तुझं नाव ठेवायचा विचार आहे. मुकाशचं उत्तर आलं: "बाबा, तुमची तब्येत उत्तम दिसते. शिंगराला माझं नाव खुशाल ठेवा, पण त्याला तरी लवकर उठवू नका." ते वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. मग चौथीच्या चाळीस वह्या तपासल्या. एकही चूक सोडली नाही.

मेच्या मध्यावर पत्र आलं ते मात्र वेगळं होतं. लंगडा टपालवाला केरिमबाय ते घेऊन दारात आला तेव्हा तिघे आबा त्याच्या मागोमाग होतेच. आमच्याकडे आघाडीवरचं पत्र एकट्यानं वाचायची पद्धत नाही. सगळ्यांची मुलं तिकडे आहेत. मी चहा ठेवला, भाजलेल्या पिठाची वाटी पुढे सरकवली आणि वाचू लागले. सलाम संपायला बराच वेळ लागला.

"बाबा, मी इस्पितळात आहे. घाबरू नका, म्हणजे तुम्ही घाबरणार नाहीच. पाय राहील म्हणतात, फक्त दुमडताना थोडा विचार करेल. इथून जवळ, व्होल्गाच्या काठाला, सैन्याच्या घोड्यांचा तळ आहे. आपल्याकडचे डोंगरी घोडे तिथे आणून तोफा ओढायला शिकवतात. तिथल्या कॅप्टनला घोडे कळत नाहीत आणि घोड्यांना रशियन कळत नाही. त्यानं मला मागितलंय. नाहीतर मी माझ्या तुकडीत परत जाऊ शकतो. तुकडीत आता अकरा जण उरलेत आणि ते माझी वाट बघतायत. जूनच्या अखेरीस डॉक्टरांच्या समितीपुढे मला काय ते सांगायचंय. बाबा, यात माझं डोकं चालत नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन. तुमचं उत्तर येईपर्यंत थोडं जास्त लंगडत राहतो."

मी कागद खाली ठेवला. बापानं दोन्ही तळवे उघडून आशीर्वाद दिल्याशिवाय आमच्याकडे मुलगा असल्या वाटेला लागत नाही. ज्यांनी तळवे उघडायचे, त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

मला धास्ती वाटली की आता आबा लोक शौर्य, पूर्वज आणि तलवारी काढतील. घरात बसून शूर होणं या वयात सोपं जातं. पण शातमान आबा एकच शब्द बोलले.

"घोडे."

"घोडेच," ओमुरझाक आबा म्हणाले.

"हो हो," बैसाल आबा म्हणाले. कशाला, ते त्यांना माहीत नव्हतं.

मलाही तेच हवं होतं. मुकाश माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, आणि माझं म्हणावं असं आता तेवढंच उरलेलं. आमच्या चौघांचं एकमत झालं होतं. गावाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत असावं, म्हणून ते टिकलं नाही.

"मी आज रात्री लिहून टाकते," मी म्हणाले.

"तू एकटी?" ओमुरझाक आबांनी पेला खाली ठेवला. "पोरी, हे काय शिंगराबिंगराचं पत्र आहे? मुलाच्या जिवाचा प्रश्न आहे. आम्ही सांगतो, तू लिही." त्यांनी घसा साफ केला. "माझ्या डोळ्यांच्या प्रकाशा, माझ्या काळजाच्या आधारा, मुकाश बेटा."

मी लेखणी उचललीच नाही. "आबा, बाबांनी त्याला कधी बेटा म्हटलेलं नाही."

"नसेल म्हटलं."

"ते लिहायचे, अरे आळशा."

"जिवंत होता तेव्हा लिहायचा. आता कालमुर्झा तिकडे आहे. तिथे त्याला बोलल्या शब्दाचा जाब विचारत असतील. आपण इथून त्याच्या तोंडी आणखी शिव्या घालून पाठवायच्या? मेलेल्याच्या तोंडात कडू शब्द घालायचा नसतो, हे तुझ्या पुस्तकात नसलं तरी खरं आहे."

"मग मी आधी दोन पत्रं लिहिली ती?"

"ती तू आम्हाला न विचारता लिहिलीस. ते पाप तुझं."

"हो, तुझंच," बैसाल आबा म्हणाले. एवढंच त्यांना नेमकं ऐकू आलं होतं.

मी शांतपणे समजावायचा प्रयत्न केला. मूर्ख मुलांना समजावण्याचा मला बारा वर्षांचा अनुभव आहे, पण ती मुलं वयानं लहान असतात. मी म्हणाले, मुकाश पहिल्या ओळीतच ओळखेल. बाबा राहिले नाहीत हे कळलं, की बाबांच्या शब्दाचं बंधनही राहणार नाही. तिकडे अकरा माणसं वाट बघतायत. तो त्यांच्याकडे जाईल. त्याला घोड्यांकडे पाठवायचं असेल तर पत्र कडूच हवं.

"गोड बोललेलं कुणाला नको असतं?" ओमुरझाक आबा म्हणाले. "पोरगा जन्मभर या शब्दांची वाट बघत असेल. वाचेल आणि सुखावेल."

याचाच मला सगळ्यात राग आला, कारण ते खरं असण्याची शक्यता होती.

शेवटी मी लिहिलं. शातमान आबा सरकारच्या साक्षरता वर्गात जाऊन पंचावन्नाव्या वर्षी वाचायला शिकलेत. ते माझ्या प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत होते, त्यामुळे शब्दाचाही फेरफार शक्य नव्हता. पत्रात बाबांनी मुकाशला सिंहाचा छावा म्हटलं, त्याच्या आठवणीनं आपल्याला झोप येत नाही असं कबूल केलं आणि घोड्यांच्या तळावर जाण्याचा आशीर्वाद दिला. शिवाय, "आपले ओमुरझाक, ज्यांच्या शहाणपणाला तळ नाही, त्यांचाही हाच सल्ला आहे," असंही सांगितलं. चाळीस वर्षांच्या शेजारात बाबांनी ओमुरझाक आबांच्या शहाणपणाबद्दल बरंच काही सांगितलं होतं. त्याला तळ नाही असं म्हणाले नव्हते.

तिघांनी ते पत्र स्वतः नेऊन केरिमबायच्या हातात दिलं. माझ्यावर भरवसा नव्हता, आणि तो न ठेवण्यात त्यांचं चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना गणितं घालून मी वर्गातच दुसरं पत्र लिहिलं.

"मुकाश, अरे आळशा. मी वर कुरणावर होतो तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांनी माझ्या नावानं एक पत्र पाठवलंय असं कळलं. तुझ्या बहिणीनं ते लिहून घेतलं, तिला नाही म्हणता येत नाही. ते वाचून फुगू नकोस. तू सिंहाचा छावा असतास तर मला कळलं असतं, घरात मीच राहत होतो. आता ऐक. तुकडीत अकरा जण आहेत ते सुखी आहेत, तू गेलास तर त्यांना तुलाही उचलून फिरावं लागेल. घोड्यांकडे जा. घोडे तुला ओळखून आहेत, ते फसणार नाहीत. माझा आशीर्वाद आहे, पायाला लाव."

मग ओमुरझाक आबांबद्दल चार ओळी लिहिल्या, बाबांना राहवलं नसतं म्हणून. केरिमबायला दिलं तेव्हा तो म्हणाला, "कालच एक दिलं ना?" मी म्हणाले, "सलाम राहिले होते." हे कारण आमच्याकडे कुणालाही पटतं.

त्यानंतर काही लिहायचं उरलं नव्हतं. जून गेला, म्हणजे समितीही झाली असणार. वर्तमानपत्रात रोज आमचं सैन्य एकेक शहर सोडवत होतं. मी नकाशावर ती शहरं मुलांना दाखवायची आणि प्रत्येक शहरापाशी मनात मोजायची की मुकाशची तुकडी इथून किती लांब असेल. मुलांना वाटायचं, बाईंना भूगोल फार आवडतो.

उत्तर जुलैच्या शेवटी आलं. तिघे आबा येऊन बसले. मी कुरणावरून आलेलं घोडीच्या दुधाचं आंबूस किमिझ पेल्यांत ओतलं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. मग घडी उलगडली.

"आदरणीय बाबा," मी वाचलं. पुढे सलाम होते. ओमुरझाक आबांना त्यांच्या अथांग शहाणपणासकट सलाम होता. आबांनी दाढीवरून हात फिरवला आणि आमच्याकडे बघून घेतलं.

"तुमची दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली."

"दोन्ही?" ओमुरझाक आबा म्हणाले.

मी पुढे वाचत राहिले. "पहिलं वाचून मी इथल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, की आयुष्यभर कडू बोललेला माणूस एकदम इतका गोड कधी होतो? त्या म्हणाल्या, माझ्या पाहण्यात तरी एकदाच होतो, अगदी शेवटी. तरी मी मानलं नाही. मग दुसरं वाचलं. त्यात तुम्ही खुलासा केलाय. बाबा, तुम्ही जन्मात कधी कुणाला खुलासा दिला नव्हता."

माझा आवाज इथे नीट राहिला. मी शिक्षिका आहे.

"इस्पितळानं मला एक काठी दिलीय. त्या दिवशी संध्याकाळी मी बाहेर गेलो आणि दाराशी त्या काठीवर रेलून बराच वेळ उभा राहिलो. थोडा आवाजही केला. नर्स धावत आली. तिला वाटलं पाय दुखतोय. तिनं सुई टोचली आणि रागावली, की एवढा मोठा गडी पायासाठी असा रडतो का."

हे दाढीवाल्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्यात बाप गेला की मुलगा दाराबाहेर काठीवर रेलून उभा राहतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर मोठ्यानं रडतो. आत बायकांनी रडायचं, बाहेर मुलानं. मार्चमध्ये आमच्या दाराबाहेर कुणी नव्हतं.

शातमान आबांनी दुआसाठी तळवे उघडले. मग बाकीच्या दोघांनी उघडले. बैसाल आबांना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी आमचे चेहरे पाहिले होते. तिघांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. परगावच्या माणसाला आडून आडून, हळूहळू बातमी सांगायची ती हीच पद्धत, फक्त या वेळी बातमी त्यानं आम्हाला सांगितली होती.

"पुढे वाच," ओमुरझाक आबा म्हणाले. "घोडे की...?"

कागद माझ्या हातात होता आणि दोनच ओळी उरल्या होत्या. माझी नजर त्यांच्यावर जात नव्हती. शातमान आबा उठून माझ्याशेजारी येऊन बसले आणि त्यांनी बोट ओळीवर ठेवलं. तेच वाचू लागले, अक्षर अक्षर लावत.

"तुकडीत... जाणार... होतो. मग... वाटलं... की बाबा... एवढे... गोड झाले... तर आता घरात... एजेला... बोलणारं... कुणी उरलं... नाही. कुणीतरी... परत... यायला हवं. घोडे... घेतलेत."

एजे म्हणजे मी, त्याची थोरली बहीण. मी किमिझच्या पेल्यात बघत बसले.

ओमुरझाक आबांनी कुठलंही मत न देता अख्खा पेला संपवला. आमच्या मंत्रिमंडळाच्या मानानं हे फारच झालं.

"हे दुसरं पत्र कुठलं?" ओमुरझाक आबांनी विचारलं.

"मी लिहिलं, आबा. वर्गात बसून."

"कडू?"

"हो."

मला वाटलं, आता ते पाप, परलोक आणि माझी पुस्तकं काढतील. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि थोडं थांबून विचारलं, "माझ्याबद्दल होतं काही?"

"चार ओळी होत्या."

"म्हण."

"आबा, कागद तिकडे गेला."

"मास्तरीण आहेस ना? पोरांकडून पाठ करून घेतेस. म्हण."

मी म्हटलं. "ओमुरझाकचा सल्ला ऐकू नकोस. त्यानं मला एकदा हवामान सांगितलं होतं, तेव्हापासून मी त्याला विचारतो आणि उलटं करतो. म्हणून तर एवढी वर्षं जगलो. यंदाच्या मार्चमध्ये तेवढा विचारायला विसरलो." शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं.

ओमुरझाक आबांचे खांदे हलायला लागले. हसतायत की काय ते आधी कळलं नाही. मग ते बैसाल आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून म्हणाले, "कालमुर्झा म्हणतोय, मला हवामान कळत नाही."

"ते तर सगळ्यांनाच माहीत आहे," बैसाल आबा म्हणाले.

शातमान आबा अजून माझ्याशेजारी बसले होते. "आणि मी?"

"तुमचं नाव नव्हतं आबा त्यात."

"नव्हतं?" त्यांनी दाराकडे पाहिलं. "कालमुर्झा मला विसरेल असं वाटलं नव्हतं."

त्यांचा चेहरा असा उतरला की मला राहवेना. मी पाठीचा कणा ताठ केला, बाबा करायचे तसा. कुणाच्या नावानं बोलतेय हे या वेळी लपवायचं कारण नव्हतं.

"शातमानचा घोडा इतका म्हातारा झालाय," मी म्हणाले, "की आता त्यालाच बैठकीला बसवा आणि शातमानला बाहेर चरायला सोडा. निर्णयही बरे होतील आणि गवतही वाचेल."

शातमान आबांनी डोळे पुसले. ओल्या बोटांनी त्यांनी टोपी सरळ केली आणि समोरच्या, बाबांच्या रिकाम्या गादीकडे बघून कडक आवाजात म्हणाले, "म्हातारा कुठे? सोळा वर्षांचा तर आहे."

"अठरा," ओमुरझाक आबा म्हणाले.

"सोळा. त्यालाच विचार."